सोबतीचे मेंढरू

रविवारी आराधना संपली की घोंगडीआप्पा देवळाच्या दारात उभे राहत आणि कोण आले नाही ते सांगत. कोण आले, हे त्यांनी मला कधीही सांगितले नाही. मी तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस. हजेरीचे पुस्तक माझ्या हाती. बाकांवरून नजर फिरवून मी म्हणे, “आप्पा, आज शहाऐंशी.” ते माझ्याकडे जरा दयेनेच पाहत. “आसतील शाऐंशी. पर चौघं न्हाईत. मार्थाची सासू न्हाई, तिचा गुडघा धरला आसल. पोष्टातला सॅम्युएल न्हाई. आन् वरल्या आळीची ती दोघं नवराबायको न्हाईत; भांडल्याली दिसत्यात.” संध्याकाळी चौकशी करावी, तर मार्थाच्या सासूचा गुडघा खरोखर धरलेला असे आणि वरच्या आळीतल्या त्या घरात दोन चुली पेटलेल्या असत. “आवं मास्तर,” ते म्हणत, “मेंढका मोजत न्हाई. त्यो वळखतो. मोजणारा खाटीक आसतो.”

हे सारे आज लिहायला बसण्याचे कारण असे की, मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका नुकतीच निघाली आणि तीत आप्पांवर दीड पान आहे. त्या दीड पानात मी पाच चुका मोजल्या. संपादक मंडळातली मुले चांगली आहेत, त्यांतली दोन तर माझ्याच वर्गात शिकली. पण चांगुलपणाने इतिहास लिहिता येत नाही. ज्यांनी आप्पांना कळत्या वयात शेवटची चार वर्षे, तीही काठी टेकीत चालताना पाहिली, त्यांनी ऐकीव गोष्टींवर लेख रचावा आणि ज्याने त्यांच्याशी तीस वर्षे वाद घातला, त्याला एका शब्दाने विचारू नये, हा प्रकार मला मान्य नाही.

पहिली चूक ‘भोळे भाविक’ या दोन शब्दांत आहे. आप्पा भाविक होते. भोळे मुळीच नव्हते. स्मरणिका म्हणते, त्यांना माळावर प्रकाश दिसला आणि त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. प्रकाश वगैरे काही दिसला नव्हता. मी त्या वेळी गावात नुकताच शिक्षक म्हणून आलो होतो आणि घडले ते डोळ्यांनी पाहिले आहे. आप्पा मूळचे पूर्वेकडचे, जतच्या बाजूच्या कोरड्या मुलखातले. पावसाळा सरला की त्यांच्या भावकीचे कळप चाऱ्याच्या शोधात आमच्या कृष्णाकाठी, इस्लामपूरच्या बाजूला येत. उसाचे फड तुटले की शेतकरी मेंढरे आपल्या रानात बसवून घेत. रानाला खत मिळे, मेंढक्यांना ज्वारी मिळे. त्या साली आमच्या जुन्या पाळकांनी देवळाच्या शेतात आप्पांचा कळप आठ दिवस बसवून घेतला. पाळकांना वाचून दाखवण्याची हौस होती. संध्याकाळी ते बांधावर बसत आणि शुभवर्तमानातले मेंढपाळाचे दाखले मोठ्याने वाचत. आप्पा घोंगडी पांघरून ऐकत आणि मध्येमध्ये टोकत. मेंढरे धन्याचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, हे वाचल्यावर त्यांनी मान डोलावली. दारातून न शिरता कुंपणावरून चढणारा तो चोर, हे ऐकल्यावर ते उठून बसले.

आठव्या दिवशी त्यांनी पाळकांना जे सांगितले, तीच त्यांच्या धर्मांतराची खरी हकिगत. “ज्यानं हे सांगितलं, त्याला मेंढरं ठावी हायत. शिकून न्हाई, राखून ठावी हायत. मेंढराचं खरं बोलला, तर बाकीचंबी खरंच बोलला आसल.” एवढाच त्यांचा पुरावा. मी पुढे बरीच धर्मशास्त्राची पुस्तके चाळली. इतका भक्कम पुरावा मला कोठे आढळला नाही. दुसऱ्या वर्षी कळप आला आणि परत जाताना आप्पा मागे राहिले. हा व्यवहार भोळ्या माणसाचा नव्हे. जातिवंत जनावराची पारख करून मगच हात पुढे करणाऱ्याचा तो निर्णय होता.

दुसरी चूक अशी की, आप्पा ‘नम्रतेमुळे बाकावर न बसता जमिनीवर बसत’. नम्रता! आप्पांना नम्र म्हणणाऱ्याने त्यांचे तोंड कधी ऐकले नसावे. ते दारालगत काळी घोंगडी अंथरून बसत, कारण राखणदाराची जागा दारात असते. बाकावर बसले की पुढच्याची पाठ दिसते, दारातून सगळ्यांची तोंडे दिसतात, असे त्यांचे म्हणणे. मिरजेहून आलेल्या एका पाहुण्या बाईंना घोंगडीचा वास सहन झाला नाही आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. आप्पा शांतपणे म्हणाले, “बाई, बेथलेहेमात ह्याच्यापरीस लय वास आसल. तिथं तर वल्या घोंगड्या हुत्या.”

त्या घोंगडीवर एकदा नव्या पाळकांना भंडाऱ्याचा पिवळा डाग दिसला. हे पाळक तरुण, पुण्याहून शिकून आलेले, तत्त्वाला कडक. आप्पा नुकतेच भावकीच्या जत्रेहून परतले होते. पाळकांनी विचारले, “आप्पा, हा भंडारा आपल्या अंगावर कसा?” आप्पा म्हणाले, “भाऊ भेटला. त्यानं मिठी मारली. त्यो भंडाऱ्यात न्हालेला. आता मिठी झटकून टाकू काय?” पाळकांनी विषय सोडला. मला मात्र त्या दिवशी ते उत्तर पळवाटेचे वाटले. तेव्हा मी पाळकांहून अधिक कडक होतो. लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या हकिगतीचा सगळा भार त्याच कडकपणावर आहे.

त्याआधी शेरडांचे सांगून टाकतो, कारण स्मरणिकेने ते गाळले आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे उभी केली जातील, हा भाग देवळात वाचला जाऊ लागला की आप्पा खाकरू लागत. त्यांना ते पटत नसे. “आवं, शेरडाबिगर कळप पुढं सरकत न्हाई. मेंढरू वढ्याच्या कडंला आलं की थांबतं. शेरडू आधी पाण्यात उतरतं, मग मेंढरं त्याच्या मागनं.” मग डावीकडे का काढली, असे मी खिजवण्यासाठी विचारले, तर उत्तर तयार होते. “सांजच्याला शेरडं बाजूला काढत्यात ती धार काढायला. देवालाबी दूध लागत आसल की.” मी म्हणालो, “आप्पा, पण पुढे अग्नीचा उल्लेख आहे.” ते म्हणाले, “अग्नीचं तुमी वाचा. मला शेरडांचं ठावं हाय.”

आता तिसरी चूक, आणि ही केवळ चूक नव्हे. स्मरणिकेत छापले आहे की, दसऱ्याआधीच्या रविवारी हत्यारे देवळात आणून त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची आपल्या मंडळीची सुंदर प्रथा ‘पंचकमिटीच्या दूरदृष्टीतून’ सुरू झाली. मी त्या पंचकमिटीत होतो. आमची दृष्टी तेव्हा नाकाच्या शेंड्यापलीकडे जात नव्हती.

आमचा एक सभासद दाऊद, कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात लेथ चालवी. राहायलाही तिकडेच होता. पण दर रविवारी बायकोला मागे बसवून मोटारसायकलवर गावच्या देवळात येई. एका दसऱ्याला त्याने आपल्या लेथला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. कारखान्यातल्या कोणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर टाकला आणि तो फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. पंचांनी दाऊदला बोलावले. चिटणीस या नात्याने ठपक्याचे पत्र मी लिहिले आणि मीच सर्वांसमोर उभे राहून वाचले. पत्र सुरेख होते. मूर्तिपूजेवर मी त्यात तीन परिच्छेद लिहिले होते. दाऊदने शेवटपर्यंत ऐकले, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे “सलाम” म्हणाला आणि निघून गेला. नंतर तो आला नाही.

आप्पांनी त्या रविवारपासून दारात त्याचे नाव घ्यायला सुरुवात केली. बाकीची नावे बदलत, हे बदलेना. “दाऊद न्हाई.” पावसाळा आला, गेला. “दाऊद न्हाई.” मी हजेरीचे पुस्तक मिटून चालू लागे.

आमच्या नियमाप्रमाणे वर्षभर गैरहजर राहिलेल्याचे नाव यादीतून कमी होते. वर्ष भरत आले, दसरा पुन्हा जवळ आला आणि पुढच्या रविवारच्या सभेसाठी मी विषय मांडला : दाऊदचे नाव कमी करणे. नेमके त्याआधीच्या रविवारी पाळकांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. त्यांनी मेंढराच्या हट्टीपणाचे वर्णन छान रंगवले. ते कसे मोहाने वाट सोडते, काट्यात कसे अडकते. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

“पाळकसाहेब, एक इचारू?”

आराधनेत कोणी असे बोलत नाही. पाळक गोंधळून “विचारा” म्हणाले.

“मेंढरू हरवलं, तवा राखण कुणाची हुती?”

मग आप्पाच सांगू लागले.

“मेंढरू खाली मुंडी घालून चरतं. त्याला काय ठावं वाट? ते हरवत न्हाई, राखणदार त्याला हरवतो. आन् दुसरं. ती नव्व्याण्णव कुणाच्या हाती दिली? रानात तशीच सोडून गेला म्हणता? आसा मेंढका मी न्हाई बघितला. कुणाला तरी म्हणला आसल, गड्या, जरा ह्यांच्याकडं बघ, मी आलोच. तुमच्या पुस्तकात त्याचं नाव न्हाई. पर त्यो हुता.”

स्मरणिकेत या प्रसंगाबद्दल, आप्पांनी काठी आपटून पाळकांना दम दिला, असे आले आहे. ही चौथी चूक. काठी भिंतीला टेकून उभी होती आणि आवाज अगदी साधा होता. पाळकांना दम दिलाच नाही. प्रश्न पाळकांना होता, पण विचारताना आप्पा माझ्याकडे पाहत होते. राखण कोणाची होती, हे मला ठाऊक होते.

मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. “मास्तर, पायताण घाला. कुपवाडला जायाचं हाय.”

मला आनंद झाला. मंडळीचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून ते मला नेत आहेत, असे मी समजलो. स्वच्छ धोतर नेसलो, काळी टोपी घातली आणि सांगलीपर्यंतच्या एसटीत मनातल्या मनात भाषण रचले. त्यात क्षमा होती, अट होती आणि शेवटी एक वचनही होते. आप्पा खिडकीतून उसाचे फड पाहत होते. सांगलीहून कुपवाडला रिक्षाने गेलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. दाऊद यंत्रावर वाकलेला. आप्पांना पाहून त्याचा चेहरा फुलला आणि तो दोन पावले पुढे आला. मग त्याला मी दिसलो. तो पुन्हा यंत्राकडे वळला. मी घसा साफ करून सुरुवात केली, “हे पाहा दाऊद, मंडळीच्या वतीने...”

आप्पांनी माझा दंड धरला. “मास्तर, तुमी बोलू नगा. नुसतं दिसा.”

आयुष्यात मला कोणी असे गप्प केले नव्हते. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी एका रिकाम्या पिंपावर बसून नुसता दिसत राहिलो. सुट्टी झाल्यावर दाऊदने शेडबाहेरच्या लिंबाखाली डबा उघडला. आप्पांनी न विचारता भाकरी मोडली, तिचा चतकोर माझ्या हातात दिला आणि वर खर्डा घातला.

“नारळ फोडलास म्हणं,” आप्पा म्हणाले.

“फोडला.”

“मग खोबरं मला का न्हाई धाडलं?”

दाऊद हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले.

“फोडताना मनात काय हुतं रं?”

“आप्पा, त्या दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस शेजारच्या मशीनवर गणपाचा अंगठा गेला. माझ्या डोळ्यांदेखत. त्याला उचलून मीच दवाखान्यात नेला. पूजेला सगळी आपापल्या मशीनम्होरं उभी राहिली, तवा माझ्या डोळ्यांम्होरं गणपाचाच हात हुता. मी नारळ घेतला आन् म्हणलं, प्रभू, औंदा हितं कुणाचं बोट जाऊ देऊ नगंस. येशूच्या नावानंच म्हणलं. नारळ सगळ्यांनी फोडला, मीबी फोडला.”

“मग ही तर प्रार्थनाच की रं,” आप्पा म्हणाले. “मास्तर, व्हय का न्हाई?”

आता मला बोलण्याची मुभा होती आणि माझे भाषण कोठेच सापडेना. मी म्हणालो, “दाऊद, मी तीन परिच्छेद लिहिले. तुला विचारले मात्र नाही.”

“इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, मास्तर,” तो म्हणाला. “तुमी उभ्यानं वाचत हुता. वाचणाऱ्याला मधी कसं बोलायचं? शाळेत तुमीच शिकवलंय.”

त्याने डब्यातली उरलेली भाकरी मला दिली. मी ती खाल्ली. प्रभुभोजनाला मी आजवर किती वेळा बसलो असेन. पण त्या लिंबाखालच्या भाकरीइतके खरे प्रभुभोजन मला आठवत नाही.

परतीच्या एसटीत मी आप्पांना विचारले, “मला बोलूच द्यायचे नव्हते, तर नेलेत कशाला?”

ते चकित झाले. जणू हे मला ठाऊकच असायला हवे होते. “आवं, हरवल्यालं मेंढरू बिथरल्यालं आसतं. एकला माणूस दिसला की ते अजून पळतं. त्याला धरायचं आसलं तर संगं दुसरं मेंढरू न्यावं लागतं. आपल्यातलं कुणीतरी दिसलं की मग ते थांबतं.”

“म्हणजे मी...”

“मेंढरू. मग काय, राखणदार? राखण तुमची हुती, तवाच त्यो गेला न्हवं?” आणि थोड्या वेळाने, माझी समजूत काढावी तसे म्हणाले, “ज्याच्या शिंगामुळं त्यो पळाला, तेच न्यावं लागतं. दुसरं चालत न्हाई.”

स्मरणिकेतली पाचवी चूक माझ्याच स्तुतीची आहे. ‘माजी चिटणीस मास्तर यांनी कुपवाडला जाऊन दुरावलेल्या बंधूस मंडळीत परत आणले,’ असे वाक्य छापून मुलांनी मला खूश करण्याचा प्रयत्न केला आहे. ते वाक्य धादांत खोटे आहे. आणले आप्पांनी. मला नेले होते.

त्या रविवारी सभेपुढे विषय आलाच नाही, कारण दाऊद बायकोसह हजर होता. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली लेथची चावी होती. आणावी की नाही, या धास्तीने तो दारातच घुटमळत होता. आप्पा घोंगडीवरून उठले, त्याचा हात धरून त्याला वेदीपर्यंत घेऊन गेले, चावी मेजावर ठेवली आणि तिच्याशेजारी आपली काठी आडवी केली. “पाळकसाहेब, दसरा आलाय. ह्या चावीवर हात ठिवून प्रार्थना करा, कुणाचं बोट जाऊ नये म्हणून. आन् ह्या काठीवरबी ठेवा. हिनं लय लांडगं हाकलल्यात.” तरुण पाळकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी होकाराची मान हलवली. त्यांनी हात ठेवला, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसाइतकी साधी, नेमकी प्रार्थना त्यांनी आधी कधी केली नव्हती.

पुढच्या वर्षी बायकांनी खुरपी आणि विळे आणले. त्याच्या पुढच्या वर्षी सुईणीने कात्री आणली आणि पोष्टातल्या सॅम्युएलने शिक्का. नारळाचे काय करायचे, यावर पंचकमिटीने तीन सभा घालवल्या. शेवटी ठरले की, वेदीपुढे नारळ नको. पण आराधनेनंतर अंगणात चहाबरोबर खोबरे वाटावे. ते मी वाटतो. पहिला तुकडा दाऊदला. ही आमची दूरदृष्टी.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. फार आजारी नव्हते. पिकलेले पान होते. शेवटच्या आठवड्यात मी रोज जाऊन बसे. शुद्ध पूर्ण होती. एके दुपारी म्हणाले, “मास्तर, रविवारी दारात कोण उभं ऱ्हातं?” मी म्हणालो, “कोणीच नाही.” त्यांना ते आवडले नाही. “घोंगडी घिऊन जा,” म्हणाले. “वास येतो म्हणून टाकू नगा. मेंढरं वासावर येत्यात.” शवपेटीवर घोंगडी पांघरावी, असा काहींचा आग्रह होता, मी तो हाणून पाडला, आणि त्यावरून माझ्याविषयी गावात जे बोलले गेले ते मला माहीत आहे. घोंगडी मातीत घालण्यासाठी नव्हती. दफनाला पूर्वेकडून त्यांचा भाऊ आला. त्याने कबरीवर चिमूटभर भंडारा टाकला. पाळक पाहत होते. त्यांनी तो झटकला नाही.

संपादक मंडळाने दुरुस्तीपत्रक काढायचे कबूल केले आहे. मात्र त्यांच्यातला एक जण, माझाच विद्यार्थी, संकोचून म्हणाला, “सर, तुम्ही स्वतःला मेंढरू म्हणवून घेता, हे छापायचे? या वयात शोभेल का?” मी त्याला सांगितले, पुरेपूर शोभेल, आणि ठळक अक्षरांत छाप.

परवाच्या रविवारी मी दाराशी घोंगडीवर बसलो होतो. गुडघे कुरकुरतात, पण तिथून तोंडे दिसतात, हे खरे आहे. आराधना संपल्यावर पाळकांनी सवयीने विचारले, “मास्तर, आज किती?” मी म्हणालो, “मोजले नाहीत. दोघे नाहीत.” त्यांतल्या एकाशी गेल्या महिन्यात माझाच खटका उडाला होता, तेव्हा मला जाणे भाग होते. दाऊदने मोटारसायकल काढली. मी मागे बसलो, टोपी सारखी केली आणि पाळकांना म्हणालो, “आम्ही येतोच. तोवर बाकीच्यांकडे जरा बघा.”